न पेटलेला पडदा

माझ्या सासुरवाडीच्या माणसांत सर्वांत धोकादायक माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, आणि त्यांनी आयुष्यभर काम केलं ते फक्त आग लागू नये म्हणून. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. कापड पेट घेऊ नये म्हणून लावायची फॉस्फरसची संयुगं त्यांनी शोधून काढली. चार पेटंटं मिळाली; मालकी कंपनीची, संशोधक म्हणून नाव मामांचं. बाळकुमच्या घरात देव स्वयंपाकघरात आणि पेटंटं हॉलमध्ये टांगलेली. नोकरीत असताना त्यांच्या कपड्यांना लसणासारखा असा काही वास यायचा, की शेजारणी मामींना चटणीची कृती विचारायच्या.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी पडदा चाचपायचे, मग खिशातून काडेपेटी काढायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही घोडबंदर रोडला गेलेलो. पोहे झाले, मुलाच्या नोकरीचा विषय निघाला, आणि मामांनी पडद्याच्या कोपऱ्याला काडी लावली. मामींनी हातातला चहा ओतून तो विझवला.

"पॉलिएस्टर," मामा शांतपणे म्हणाले. "वितळून अंगाला चिकटतं. जपून राहा."

तीन दिवस त्या घरातून काही कळलं नाही. चौथ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला, "आमचा होकार आहे. साखरपुडा मात्र तुमच्याकडेच करू."

गेल्या वर्षी त्याच मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही माजिवड्याजवळच्या एका इस्पितळात होतो. मामांनी सवयीने खाटेशेजारचा पडदा चाचपला. त्यावर एक काळपट डाग होता.

"तो जात नाही हो काका," सिस्टर म्हणाली. "वर्षभरापूर्वी बोर्डात शॉर्टसर्किट झालेलं, ठिणग्या सगळ्या ह्याच्यावर उडाल्या. पण पेटला नाही. ह्याच खाटेवर दोन दिवसांचं बाळ होतं."

"धुता किती वेळा?"

"दर आठवड्याला."

धुतल्यावरही आग रोखणारं औषध कापडातून जाऊ नये, यासाठीच मामांचं चौथं पेटंट होतं. त्यात त्यांची नऊ वर्षं गेली होती, आणि इस्पितळांच्या पडद्यांना तेच लावतात. आता तासभर फॉस्फरस ऐकावा लागणार म्हणून मी खुर्ची ओढली. मामा "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि काडेपेटी न काढता बाहेर गेले.

परतताना सिग्नलला गाडी अडकली, तेव्हा मी विचारलं, "मामा, ते औषध तुमचं आहे हे सांगितलं का नाही तिला?"

"काय सांगणार? तिथं काही झालंच नाही ना." मग चष्मा पुसत म्हणाले, "ते बाळ आता चालायला लागलं असेल, नाही रे?"