आत्याची सावड

“पित्त झालंय तिला. सकाळपास्नं नुसत्या चहावर हाय,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

दुसरी हसली. “पित्त कसलं? वय झालंय. सून आण म्हनावं आता.”

बोलणं माझ्या आत्याबद्दल होतं. वडिवळ्याला तिच्या खाचरात भाताची लावणी चालली होती आणि ती रोपांची मूठ हातात तशीच धरून बांधावर बसली होती. त्या दिवशी तिची सावड होती. आधीच्या आठवड्यात ती ज्यांच्या ज्यांच्या खाचरात राबली होती, त्या सगळ्या बाया आज तिच्याकडे आल्या होत्या. अशा दिवशी घरधनीण ओळीतून उठत नाही.

शाळेआधीची माझी वर्षं आत्याच्या कडेवर गेली. मग आम्ही लोणावळ्याला राहायला आलो, मला इंग्रजी शाळेत घातलं आणि वडिवळ्याला मी पाहुणी झाले. सगळ्या चटईवर बसत, मला खुर्ची मिळे. बायांचं बोलणं मला सगळं कळायचं, पण उत्तर तोंडात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. तरी दर वर्षी लावणीला मी सुट्टी काढून जायचे. ओळीत आत्याशेजारी वाकलं की तिचा कोपर मला लागायचा, तेवढ्यासाठी. त्या दिवसानंतर आत्या चिखलात उतरत नाही, बांधावरून आवाज देते. माझ्या शेजारी दुसरीच कुणी असते, आणि तिचा कोपर लागला की मी नकळत सरकून घेते.

त्या दिवशी मी ओळ सोडून बांधावर गेले. पाऊस थांबला होता, हवा गार होती, आणि आत्याच्या कपाळावर घाम होता. पुसला तर पुन्हा आला. ओठांचा रंग उतरला होता.

“काय होतंय?”

“काय न्हाई गं. छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय. मळमळतंय.”

तिची जाऊ ओवा आणि गरम पाणी घेऊन आली आणि पाठ चोळायला लागली. “वात धरलाय. लावणीत कुनाची पाठ दुखत न्हाई?”

पण आत्याचा हात पाठीकडे जात नव्हता. ती सारखी हनुवटीखाली दाबत होती.

“दात दुखतोय का?” मी विचारलं.

“दात न्हाई, जबडा. आन् ह्यो हात लय जड झालाय.” तिने डावा हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

आमच्या ऑफिसात एकदा प्रथमोपचार शिकवले होते. मी शेवटच्या रांगेत बसले होते. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, गार घाम, मळमळ. बायकांमध्ये हे पित्तासारखंही वाटतं. खात्री होईपर्यंत थांबू नका, ठरवायचं काम डॉक्टरांचं. सगळं इंग्रजीत ऐकलेलं. या बांधावर, या बायांना ते कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचेना.

आतेभाऊ पलीकडच्या खाचरात पॉवर टिलर चालवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. हार्टचं असेल.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि रेंजसाठी रस्त्याकडे पळाला.

मशीन थांबल्यावर सगळ्या ताठ उभ्या राहिल्या.

“काय वो म्याडम, काम का बंद केलं?”

“लोनावळ्याला असंच असतंय. शिंक आली की दवाखाना!”

हशा पिकला. माझे कान तापले. आत्याही हसली, पण हसताना तिला दम लागला.

“गाडी कशाला बोलीवली?” ती मला म्हणाली. “मी न्हाई जायची. बाया माझ्यासाठी आल्यात आन् मी गाडीत बसून जाऊ? उद्या त्यांच्या खाचरात कोन उभं ऱ्हाईल? सांजंला बघू.”

आणि ती उठायला लागली. एक पाय चिखलात टाकला. मी तिचा दंड धरला. ओला, गार. जाऊ म्हणाली, “सोड तिला, चार काड्या लावल्या की मोकळं वाटंल.” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत असली की माझा आवाज जातो, लहानपणापासून. रस्त्यावरून आतेभावाने हात हलवला, गाडी निघाली होती. आत्याने दुसरा पाय उचलला.

“आत्ये, खाली बस!” मी ओरडले. “हे पित्त न्हाई, काळजाचं दुखणं असंल. तुझी ओळ मी लावीन, बायांना जेवायला मी वाढीन, आणि उद्यापासून ज्यांच्या ज्यांच्या खाचरात तुझा हात लागायचा, तिथं माझा लागंल. तू आधी दवाखान्यात जा.”