झाकणाखालचा पांढरा थर

डिसेंबरातला रविवार होता. आत्याच्या ऑपरेशनमुळे आई-बाबा आठ दिवसांपासून मालेगावला होते आणि गाडी माझ्या ताब्यात होती. चावी देताना बाबांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. दर रविवारी ऑइल बघायचं, आणि घर ते कॉलेज सोडून कुठेही जायचं नाही, हायवेला तर नाहीच. गाडीला काही झालं तर चावी पुन्हा मिळणार नाही, हे त्यांनी हसत सांगितलं होतं. बाबा हसत सांगतात ते नक्की करतात.

मी बॉनेट उघडून ऑइलचं झाकण फिरवलं. आतल्या बाजूला पांढरट-पिवळा थर होता, फेटलेल्या कॉफीसारखा. बोटाला गार, चिकट लागला.

फोनवर शोधलं. दोन ठिकाणी लिहिलं होतं, घाबरू नका. तिसऱ्या ठिकाणी होतं की इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट गेलं असेल, रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये मिसळत असेल, गाडी सुरूही करू नका. मी फक्त तिसरं लक्षात ठेवलं. दसऱ्याला पूजेआधी गाडी धुताना मी बॉनेट उघडून थेट इंजिनावर पाइप धरला होता. गाडी चकचकीत दिसावी म्हणून. ते पाणी आत गेलं असणार.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. आत्या कशी आहे ते सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी काय म्हणते?"

"छान आहे," मी म्हणाले. उघडं झाकण माझ्या हातात होतं.

गाडी सुरू करायची हिंमत नव्हती, म्हणून मागच्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत चालत गेले. काय बोलायचं त्याची वाक्यं रस्त्यात मनात जुळवली. शाळेपासून इंग्रजीत शिकल्यामुळे अनोळखी माणसापुढे माझं मराठी अडखळतं, आणि गॅरेजमध्ये तर सगळे वळून बघतात. मिस्त्रींना मी ते जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं, दसऱ्यासकट.

ते स्कूटरवरून आमच्या पार्किंगमध्ये आले. "गाडी गार हाय ते बरं हाय," म्हणाले. "गरम असती तर रेडिएटरला हात नसता लावला." त्यांनी पट्टी ओढून ऑइल बघितलं. तपकिरी, स्वच्छ. रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. मग गाडी सुरू करून ते त्या पाण्याकडे टक लावून बघत राहिले.

"काय बघताय, काका?"

"बुडबुडे. गॅस्केट गेलं आसंल तर पाणी उकळल्यावानी होतं."

मीही वाकले. वरच्या बाल्कनीतून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं. मला प्रत्येक तरंग बुडबुडाच वाटत होता.

"नाय," ते अखेर म्हणाले. "रोज किती चालवता, ताई?"

"घर ते कॉलेज. तीन किलोमीटर."

"मंग इंजिन तापणार कवा? थंडीत आत दव धरतं, ते तिथंच राहतं, ऑइलात मिसळून पांढरं दिसतं. आन् दसऱ्याचं पाणी आजून शिल्लक हाय व्हय? दोन महिने झाले!" ते मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही.

त्यांनी रेडिएटर बंद केला आणि ऑइलचं झाकण पुसून बसवलं. "सिन्नरला जाऊन या. चांगली तापू द्या. मंग झाकण बघा. परत पांढरं दिसलं तर तिथूनच मला फोन करा, गाडी हलवू नका."

म्हणजे हायवे. खात्री करून घ्यायची तर बाबांनी जे नको म्हटलं होतं तेच करायचं. मी अर्धा तास गाडीत नुसती बसून होते.

मग निघाले. नाशिकरोडच्या पुढे ट्रक इतक्या जवळून जात होते की मी खांदे आक्रसून घेत होते. एक डोळा रस्त्यावर, एक तापमानाच्या काट्यावर. मोहदरी घाटात काटा वर सरकल्यासारखा वाटला आणि मी गाडीचा वेग कमी केला. काटा मध्यावरच होता.

सिन्नरला पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी थांबवली. इंजिन बंद करून झाकणाला फडकं लावलं, तोच फोन वाजला. बाबा. घ्यावा की नाही, याचा विचार करण्याआधीच मी घेतला होता.

"इतका आवाज कसला? कुठे आहेस?"

"सिन्नरला." आणि मग सगळं सांगितलं, सकाळी खोटं बोलले तेही.

मी रागाची वाट बघत होते.

"मग उघडलंस का झाकण?"

"अजून नाही."

"उघड. मी आहे फोनवर."

झाकण फडक्यातूनही पोळत होतं. आतून काळपट, ओलं, तेलकट. पांढरं काही नव्हतं. मी उजेडात धरून दोनदा बघितलं. "नाहीये," मी म्हणाले.

"बरं. उद्या सकाळी गाडी गार असताना रेडिएटरचं पाणी बघ. कमी झालं असेल तर मला सांग. छान आहे म्हणू नकोस."

"हो."

"आणि आता ठेव फोन. घरी पोचेपर्यंत उचलायचा नाही, माझा आला तरी."