पाटीमागची खोली

मला लिहिण्याची सवय नाही. पण कॉलरवालीचं कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती.

मी शिलाई कारखान्याचं गोदाम सांभाळायचो. ती शर्टांना कॉलरी बसवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दीड वर्षाची मुलगी पाळणाघरात. पाळणाघराने फी वाढवली, तेव्हा निम्मा पगार तिथेच जाऊ लागला. दुसरं स्वस्त होतं, पण तिथे वर्षभर जागा नव्हती.

कारखान्यातही पाळणाघर होतं, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत कापडाचे गठ्ठे. तपासणीच्या दिवशी गठ्ठे हलवून दोन खेळणी मांडायची आणि संध्याकाळी गठ्ठे परत आत रचायचे. अकरा वर्षं हे काम मीच केलं.

सोमवारी ती मुलीला कडेवर घेऊन आली. "काका, पाळणाघराची किल्ली द्या."

"अगं, साहेब मला काढून टाकतील."

"दोन महिन्यांनी निवृत्तच होताय की. आता कुणाला घाबरता?"

मी दिली.

तिने एकटीने गठ्ठे बाहेर ओढले, चटई टाकली. धागे कापणाऱ्या मावशी कात्री घेऊन दारात बसल्या. त्यांचं काम कुठेही बसून होतं.

सुपरवायझर आला. "हे काय मांडलंय?"

"पाटी वाचा की."

"ती तपासणीपुरती आहे. पोरीला घरी ठेव, नाहीतर तूही घरीच राहा."

"बरं. मग कॉलरी तुम्ही बसवा." ती मुलीजवळ जाऊन बसली.

आमच्याकडे शर्ट हातोहात पुढे सरकतो. तासाभरात तिच्या मशीनपाशी बिनकॉलरी शर्टांचा ढीग झाला आणि पुढच्या बायका रिकाम्या बसल्या. सुपरवायझरने स्वतः एक कॉलर बसवून पाहिली.

"साहेब, हा शर्ट मान वाकडी असलेल्यांसाठी का?" काजं करणारी म्हणाली. सगळी रांग हसली.

दुपारी तो नरमला. "उद्यापासून बघू."

"गठ्ठे बाहेरच आहेत. आजच बघा."

"बस मशीनवर. राहू दे पोरीला."

संध्याकाळी त्याने मला हळूच गठ्ठे आत टाकायला सांगितलं. मी म्हणालो, कंबर धरलीय. कंबर ठणठणीत होती. किल्ली मात्र तिच्याकडे होती, आणि मी ती परत मागितली नाही.

सकाळी चटईवर आणखी दोन मुलं होती.