कोण हाय का तिथं?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या सासऱ्यांनी आजवर जेवढा अंधार पाडला आहे, तेवढा वळवाच्या वादळांनाही जमलेला नाही. दिवा दिसला की तो विझवायचा, हे त्यांनी आयुष्यभर मनापासून केलेलं काम. ते आमच्या सांगलीच्या घरी येतात तेव्हा मी दार उघडायच्या आत व्हरांड्यातला दिवा गेलेला असतो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो की माझा हात हमखास पिशवीतल्या गुळाच्या ढेपेला लागतो. इस्लामपूरजवळ त्यांचं गाव. तरुणपण फौजेत गेलं, बाकीचं उसात. घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात आणि जावई असूनही मीही आबाच म्हणतो. त्यांना कंजूष म्हणावं तर तसंही नाही. गुळाबरोबर काकवी, हरभरा, भुईमूग असं इतकं काही घेऊन येतात की रिक्षावाल्याला दोन फेऱ्या माराव्या लागतात. त्यांचं भांडण उजेडाशी नाहीच. जिथं माणूस नाही तिथल्या उजेडाशी आहे. खोलीच्या दाराशी उभं राहून ते विचारतात, "कोण हाय का तिथं?" आणि एका दमात उत्तर आलं नाही की बटण खट्‌कन खाली. एकदा मी न्हाणीघरात तोंडाला साबण फासून उभा होतो. साबण तोंडात जाईल म्हणून गप्प राहिलो, तर दिवा गेला आणि वर बाहेरून ऐकून घ्यावं लागलं, "जावाईबापू, आत आसला तर गानं म्हनत ऱ्हावा. बाहेरच्याला कळाय नको व्हय?" तेव्हापासून ते मुक्कामाला असले की मी अंघोळ करताना आरत्या म्हणतो. शेजाऱ्यांचा समज असा की जावई फार भाविक आहे.

घरातलं घरात असतं तर मी तक्रार केली नसती. पण माझा स्वभाव पडला भिडस्त. शाळेच्या कार्यालयात सगळी नोकरी कुणाच्या अध्यात ना मध्यात राहून झालेली. चारचौघांत आपल्याकडे कुणी वळून बघितलं की मला घाम फुटतो, आणि आबांबरोबर बाहेर पडलं की वळून बघत नाही असा माणूस सापडत नाही. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर लावला, क्षणभर बघितला आणि लिहायला मान खाली घातली, तोवर आबांनी उठून पेटी बंद केली. "बघून झालं न्हवं?" माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरा-नवरी जेवायला खाली उतरली, तशी यांनी रिकाम्या स्टेजवरचे सगळे झगझगीत दिवे घालवले. त्याच दिव्यांच्या तारेवर वाजंत्र्यांचा कर्णाही होता, हे त्यांना कुठून माहीत असणार. मी दोन्ही वेळा शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

त्यांना यात साथ देणारी घरात एकच, माझी मुलगी, त्यांची एकुलती एक नात. दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा खरोखर विझतो का, या शंकेनं आबांना कित्येक महिने झोप नव्हती. शेवटी नातीनं आपल्या मोबाईलवर व्हिडिओ चालू केला, मोबाईल कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून आत ठेवला आणि दार लावलं. मग आजा आणि नात सोफ्यावर बसून ते चित्रीकरण बघत होते. दिवा विझलेला दिसल्यावर आबांचा जीव भांड्यात पडला. "शाना हाय गं फ्रिज," ते म्हणाले, "तुझ्या बापापरीस." लहानपणी तिनं त्यांना एकदा विचारलं होतं, आबा, तुम्हाला अंधार आवडतो का? तेव्हा ते म्हणाले होते, "न्हाई गं. शेताची लाईट कवा दिवसा येती, कवा रातची. हिरीवर घोंगडं घिऊन मी तिची वाट बघितलीया. लय वाट बघितलीया. ती आशी रिकामी जळताना बघवत न्हाई." एवढंच काय ते स्पष्टीकरण त्यांनी कधी दिलं, आणि तेही तिलाच.

गेल्या दिवाळीनंतर या मुलीला बघायला साताऱ्याची मंडळी आली. मुलगा पुण्यात नोकरीला, वडील निवृत्त अधिकारी आणि आई अशी की बोलण्याआधी पदराच्या निऱ्या सारख्या करणार. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडचे मामे-मावश्या काढून झाल्या. आमच्या मुलीला मुलगा आवडला होता. एरवी घडाघडा बोलणारी ती गप्प बसली होती, त्यावरून आम्ही ओळखलं. मग मुलाचे वडीलच म्हणाले की नदीकाठच्या त्या बागेत रोषणाई केलीय म्हणे, सगळेच जाऊ, पोरांनाही जरा बोलता येईल. हजारो दिव्यांची बाग आणि बरोबर आबा. त्यांना घरी ठेवायचा विचार मी बायकोजवळ बोलून दाखवला, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गाडी काढली. वाटेत मी आबांना म्हटलं, "आबा, आज एकाही बटणाला हात लावायचा नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"सबूद दिला," आबा म्हणाले. "हात पाठीमागं बांधून चालतो."

आणि खरंच ते हात पाठीमागं बांधून चालले. दिव्यांचे हत्ती, दिव्यांचा मोर, दिव्यांचा बोगदा, फोटो काढायला बदामाच्या आकाराची कमान. मुलगा आणि मुलगी चार पावलं पुढं होते. आबा मोरापाशी थांबले, हत्तीपाशी थांबले आणि हात तसेच बांधून पुढं निघाले. पण बागेच्या टोकाला एक तळं होतं आणि त्यात दिव्यांचे हंस सोडलेले. तिकडं चिटपाखरू नव्हतं. आबा तिथं बराच वेळ उभे राहिले आणि मग रखवालदाराला विचारलंच, "हिकडं कोन येतंय का न्हाई, गड्या?" तो म्हणाला, "न्हाई बा, लांब पडतंय." आबांनी डोळे मिटून घेतले. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी हंसांची तारीफ करू लागलो.

शेवटी कारंज्यांचा खेळ. आम्ही सगळे पायऱ्यांवर बसलो, आबा रांगेच्या टोकाला. खेळ सुरू होण्याआधी कारंज्याभोवतीचे दिवे मालवले, गाणं थांबलं आणि पायऱ्यांवर गुडूप अंधार झाला. शहरातल्या माणसाला कळतं की आता काहीतरी सुरू होणार. आबांना मात्र एवढंच कळलं की लाईट गेली. गावाकडे लाईट गेली म्हणजे डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, खांबावरचा फ्यूज, ज्याला सगळे डीओ म्हणतात, तो पडलेला असतो, आणि वायरमनची वाट बघत बसलं तर ऊस वाळतो. तेव्हा गावातला जाणता माणूस वाळका वासा घेऊन जातो आणि डीओ वर ढकलतो. आबांच्या शिवारात हा मान कैक वर्षं आबांचा. त्यात आज नातीचे पाहुणे अंधारात बसलेले. त्यांच्या हिशेबानं त्यांनी शब्द दिला होता तो दिवे न घालवण्याचा. आता ते उठले ते गेलेले दिवे परत आणायला. शहरात पहिल्यांदाच हा माणूस दिवा लावायला निघाला होता.

कारंज्यामागं पत्र्याची पेटी होती आणि पेटीत एक दांडी खाली पडलेली. आबांनी ती वर केली. दांडी होती जनरेटरकडे वळवायची, आणि जनरेटर बंद होता. मोर गेला, हत्ती गेले, बदाम गेला, भेळेच्या गाड्या आणि फाटकावरचा दिवासुद्धा गेला. लोकांना आधी तो खेळच वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरं रडायला लागली. तेवढ्यात झुडपांमागून आबांच्या बॅटरीचा झोत आला आणि पाठोपाठ त्यांचा फौजेतला आवाज, "गडबड करू नका. जाग्यावर बसा. मी हाय हितं."

बागेची माणसं त्यांना दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत घेऊन आली. दिवे आले होते, त्यामुळे सगळ्यांना सगळं नीट दिसत होतं. एकानं चढ्या आवाजात विचारलं, "कुणाचे आजोबा हे?" तीनशे माणसं वळून बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माझी मुलगी पुढच्या पायरीवरून उठली आणि म्हणाली, "माझे. हात सोडा त्यांचा." मुलाच्या आईनं पदराच्या निऱ्या सारख्या केल्या, साताऱ्याला पोचायला उशीर होईल म्हणाली, आणि आइस्क्रीम न खाताच मंडळी निघून गेली.

आम्ही घरी निघालो. पूल ओलांडल्यावर आबांनी मागच्या सीटवरून हळूच विचारलं, "पोरीचं मोडलं का वं, जावाईबापू?" मी उगाच गिअर बदलला. नात म्हणाली, "मोडलं तर मोडलं, आबा." त्यावर ते इतकंच म्हणाले, "आसं म्हनू न्हाई," आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच एसटीनं गावाला गेले.

लग्न मोडलं नाही. त्याच आठवड्यात साताऱ्याहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. आजोबांसाठी एवढ्या माणसांत उभी राहिली ती मुलगी आपल्याला हवी, असं मुलानं घरी सांगून टाकलं होतं. विहीणबाई तर आता ही गोष्ट प्रत्येक कार्यात सांगतात, आणि मोर कसा गेला ते हात उडवून दाखवतात. पण आबांना ते कुणी कितीही सांगितलं तरी पटलं नाही. आम्ही त्यांची समजूत काढायला बोलतो असंच त्यांना वाटत राहिलं. साखरपुड्याला घरभर दिवे जळत होते आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून कोपऱ्यात बसले होते. माडीवरच्या रिकाम्या खोलीतला पंखासुद्धा फिरत होता. मी अंघोळ करताना सवयीनं आरती म्हणत होतो आणि बाहेरून कुणी काही विचारत नव्हतं. ज्या गोष्टीची मला वर्षानुवर्षं लाज वाटली ती बंद झाली, तर मला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. फार चुकल्यासारखं वाटत राहिलं.

लग्न झालं, मुलगी पुण्याला गेली. परवा आबा आले. मी मुद्दाम तिच्या खोलीतला दिवा चालू ठेवला, दार सताड उघडं ठेवलं आणि पेपर वाचायचं सोंग घेऊन बसलो. दिवेलागण झाली. आबांचं लक्ष तिकडं जात होतं, ते मला दिसत होतं. अखेर ते उठले, गुडघ्यावर हात टेकत खोलीच्या दाराशी गेले आणि अगदी पूर्वीसारखं विचारलं, "कोण हाय का तिथं?"

"कोणी नाही, आबा," मी आतून सुखावून म्हटलं. "घालवा तुम्ही."

त्यांनी बटणापर्यंत हात नेला. आत तिचा पलंग, तिची जुनी पुस्तकं, खिडकीत ठेवलेली रिकामी कुंडी. तो हात बराच वेळ तिथंच राहिला आणि मग त्यांनी तो खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "जळू द्या जरा."

मग ते परत माझ्याशेजारी येऊन बसले, आणि जेवायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं त्या उजेडाकडे तोंड करून बसून राहिलो.