मिशन अर्ध्यात सेव्ह होत नाही

नवा गेम आला की बाकीची पोरं ग्राफिक्स बघायची. माझी चुलत बहीण, आम्ही तिला ताई म्हणायचो, ती आधी विचारायची, "सेव्ह कुठं होतो?" दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट गेली की तासाभराची मेहनत पाण्यात. कॉम्प्युटर आमच्या घरात, पण त्याच्यावर राज्य तिचं. वारंगा फाट्यावरच्या दुकानातून मी कुठलीही सीडी आणली तरी ती चांगली की टाकाऊ हे तीच ठरवायची.

तिची मतं कडक असायची. मोटारींचा एक गेम तिनं लगेच बाद केला. भिंतीवर आदळली तरी गाडी तशीच पळते, मग ब्रेक दिलाच काहून, असं तिचं म्हणणं. पण किल्ल्यावरच्या कैद्यांना सोडवायचा एक गेम तिला मनापासून आवडला. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज अगदी खरा होता, अंधारात चालताना आपलीच छाती धडधडायची. दोष दोन. शत्रू बिनडोक, शेजारचा पडला तरी दुसरा बिडी ओढत उभा. आणि मिशन अर्ध्यात सेव्ह होत नाही. पहिला दोष तिनं माफ केला, दुसरा कधीच नाही.

तिच्या हळदीचा दिवस आला तेव्हा त्या गेमचं शेवटचं मिशन राहिलं होतं. सासरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे आता राहिलं ते राहिलंच. दोन्ही घरांचं अंगण एकच, त्यात मांडव घातलेला. संध्याकाळी लाईट आली तशी ती पिवळी साडी नेसून आमच्या मागच्या खोलीत येऊन बसली. "हळद लागली की मला घराबाहेर पडू देणार न्हाईत. आताच संपवते," म्हणाली. मी दारात राखणीला उभा राहिलो.

थोड्या वेळानं मांडवातले बल्ब मंद व्हायला लागले. सगळ्या गावाचा भार एकाच फेजवर आला होता. असं झालं की मीटरजवळचा खटका ओढून दुसरी फेज घ्यायची, ही आमच्याकडची रीत. बल्ब नुसते लुकलुकतात, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. तिचे वडील, माझे काका, मीटरकडं निघाले तसा मी आडवा गेलो.

"काका, पाच मिनिटं थांबा."

"काहून?"

काय सांगणार? नवरी मुलगी आत गोळ्या झाडत बसलीय? "फ्यूज लई गरम झालाय," मी ठोकून दिलं.

आतून तिचा दबका आवाज आला, "दोघंच राहिले." अंगणातून बायका तिला हाका मारत होत्या. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही, पण त्या घडीला मी नवस बोलायला तयार होतो.

"सरक बाजूला. फोटोत माणसं काळी येऊन राहिली," काका म्हणाले आणि त्यांनी खटका ओढला.

मांडव लख्ख उजळला. आत पडदा काळा. "गेम चांगलाय. पण बनवणाऱ्यानं खेळणाऱ्याचं घर बघितलं न्हाई," एवढं बोलून ती हळदीला गेली.

मांडवपरतणीला ती माहेरी आली तेव्हा मी तेच मिशन उघडून ठेवलं. तिच्यासाठी खुर्ची ओढली, तेवढ्यात तिचा नवरा, आमचे दाजी, खोलीत आले.

"हे कोण खेळतं? तू खेळती का काय?" त्यांनी तिला हसत विचारलं.

"मी? न्हाई. मला कुठं येतंय."

मला इतका राग आला, तिचा, दाजींचा, सगळ्यांचाच. दाजी तिच्या खुर्चीत बसले. माणूस चांगला, पण पहिल्याच वळणावर पहारेकऱ्यासमोर जाऊन उभे. आमची एकही चूक खपवून न घेणारी ती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभी होती. फक्त बोटं कीबोर्डवर असल्यासारखी चालत होती, डावीकडं, डावीकडं, खाली. हिरव्या बांगड्या वाजल्या तसं दाजींनी मागं वळून विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई," ती म्हणाली आणि तिनं हात पदराखाली घेतला.