मामांच्या मागून

ट्रक पासिंगला नेताना मी मागच्या चाकांमागं लोंबणारी, चिखल अडवणारी रबरं काढून घरी ठेवली. नवी कोरी होती, चिखलानं खराब व्हायला नकोत.

ती मला ज्यांनी दिली त्या माझ्या बायकोच्या मामांइतका मन लावून ट्रककडे मागून बघणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा नाही. कारखान्यातल्या जुन्या रबरी पट्ट्यापासून स्वतः कापलेलं, कडेला पांढरी रेघ मारलेलं मडफ्लॅपचं रबर ते लग्नात आहेर म्हणून देतात. मुलगी बघायला आम्ही टेम्पोतून गेलो, तेव्हा सगळे माझं तोंड बघत होते आणि मामा टेम्पोच्या मागं उकिडवे बसले होते. आत येऊन म्हणाले, "पोरगा बरा हाय, पर गाडीला रबर न्हाई." सुपारी आठवडाभर लांबली. कोयनेच्या घाटात एका ट्रकला त्यांनी स्कूटर आडवी घातली होती. ड्रायव्हर खवळला, "म्हाताऱ्या, तू आरटीओ हायस का रं?" मामा शर्टावरचा चिखल दाखवत म्हणाले, "न्हाई. तुज्या मागनं येणारा हाय." हा नाद कुठून लागला ते बायकोनं सांगितलं. पूर्वी एकदा ट्रकच्या चाकाचा खडा उडून स्कूटरवर मागं बसलेल्या मामींचा चष्मा फुटला. डोळा वाचला, पण मामी त्यानंतर स्कूटरवर बसल्या नाहीत. शेवटपर्यंत दोघं एकाच गावाला जायची, मामी एसटीनं आणि मामा एसटीच्या मागून.

तर पासिंगच्या मैदानात आरटीओ साहेबांनी वाकून बघितलं. "रबरं कुठायत?" "घरी. नवी आहेत." रांगेतले ड्रायव्हर हसून हसून टायरला टेकले. मला हसू येईना. ऊसतोड सुरू होत होती. पासिंग नसेल तर कारखान्यावर गाडी लागणार नव्हती आणि हंगाम हातचा जाणार होता. मी मामांना फोन केला. ते सांगलीतच जतला न्यायचा पाण्याचा टँकर भरत होते. आले, टँकरची दोन्ही रबरं सोडवली आणि माझ्या ट्रकला आवळली. पासिंग झालं. मी लगेच पाना हातात घेतला.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "नियम मैदानापुरता नसतोय."

"मग तुमचा टँकर?"

मामांनी वळून टँकरच्या मागच्या चाकांकडं बघितलं. सांगलीत सकाळीच पाऊस पडून गेला होता, रस्ताभर चिखलाची राड. तिकडं जतला मात्र थेंब नव्हता. वस्तीवर लोक घागरी मांडून बसलेले. टँकर थांबवता येईना आणि रबराशिवाय रस्त्यावर घालवेना. असा अडलेला हा माणूस मी कधी बघितला नव्हता. शेवटी मीच म्हणालो, "मामा, तुमी व्हा पुढं. मी ट्रक घेऊन तुमच्या मागं चिकटून येतो. उडंल ते माझ्यावर उडंल."

कवठे महांकाळपर्यंत मी काचेतून जग बघितलं नाही, नुसता चिखल बघितला. वायपर दमून आडवा झाला. पुढं रस्ता कोरडा लागला, तसे मामा थांबले. खाली उतरून माझ्या ट्रकपाशी आले, खांद्यावरच्या टॉवेलनं माझी काच पुसायला लागले. ड्रायव्हरची बाजू झाली, मग शेजारची, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं, तीही त्यांनी सावकाश, कोपऱ्यापर्यंत पुसली. मला वाटलं, आता मामा काहीतरी मायेचं बोलणार.

"पाव्हणं," टॉवेल पिळत मामा म्हणाले, "आमच्या घरात आल्यापास्नं आज पैल्यांदा कामाला आलासा. ते बी रबर म्हणून."