दिगूचं विसरणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. नेपाळचा विषय निघाला की मी डोंगरांवर बोलतो, तिथल्या डाळभातावर बोलतो आणि हळूच उठून जातो. किती वर्षं अशी टाळत काढली. आता पुरे.

दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, मूळचा लातूरकडचा. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघांनी लोखंडाचे तुकडे, म्हणजे आमच्या भाषेत 'जॉब', कातत एकाच लेथ मशीनवर आयुष्य काढलं — तो पहिल्या शिफ्टला, मी दुसऱ्या. निवृत्त झाल्यावर ठरवलं, पोरं फिरतात तसं पाठीवर सॅक टाकून नेपाळ बघायचं. शॉपमधल्या पोरांनी चेष्टा केली, "काका, सॅक तुम्ही उचलणार की सॅक तुम्हाला?"

काय दिवस होते ते! घाटात मी बसच्या खिडकीतून ओकत होतो आणि दिगू एका हाताने माझी पाठ चोळत, दुसऱ्याने शेजारच्यांना लिंबाचं लोणचं वाटत होता. एका पहाटे ढग फाटले, पांढरंशुभ्र शिखर दिसलं, तर हा हात जोडून म्हणतो, "बघ की रं, एवढा मोठा जॉब कुण्या लेथवर लावला असंल?" पाय सुजले, भांडणंही झाली. गुडघ्यामुळे तो हळू चालायचा, मी चिडायचो. त्याच्या गुडघ्यावर मी का चिडावं?

पोखऱ्याजवळ एका टेकडीच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. मी म्हणालो, "तू बस. मी वर जाऊन तासाभरात येतो. इथून हलू नकोस." वर पुण्याची तरुण मंडळी भेटली. गप्पा झाल्या, फोटो झाले. त्यांची जीप पलीकडच्या बाजूने शहरात उतरणार होती — मी बसलो तिच्यात. तिथलं सिमकार्ड फक्त माझ्या फोनमध्ये होतं. दिगूला सांगायचं तर टेकडी उतरायला हवी होती. नाही उतरलो. म्हटलं, कंटाळला की जाईल शहरातल्या आमच्या हॉटेलवर.

पण मी दिगूला ओळखत नव्हतो का? रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा आमच्या शॉपचा रिवाज. मला यायला उशीर झाला की तो लेथपाशी तासन्‌तास उभा असायचा. तो कसा हलेल?

संध्याकाळी दिगू हॉटेलवर दिसला नाही, तेव्हा टपरीकडे परत गेलो. टपरी बंद झाली होती. पावसात भिजलेला दिगू दोन्ही सॅका छातीशी धरून बाहेरच्या फळीवर बसला होता. "येतो म्हणलास की, मग हलू कसा?" — एवढंच म्हणाला, आणि हसला.

त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून मी त्याच्या मुलाला फोन लावला. "काका, बाबा एवढा वेळ पावसात का बसले?" आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो — "अरे, मी त्याला हॉटेलवर जायला सांगितलं होतं. विसरला. हल्ली विसरतो जरा."

तो बरा होऊन रहाटणीला घरी आला. मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. सुनेने खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली, मायेनेच. कोपऱ्यावर भाजी आणायलाही त्याला एकटं सोडेनात. एकदा त्याने मला बाजूला घेतलं. "खरं सांग, तू मला हॉटेलवर जा म्हणला होतास?"

मी म्हणालो, "हो रे."

त्याने मान हलवली. त्यानंतर त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. गॅस बंद केला का, दार लावलं का — पुन्हा पुन्हा विचारायचा. मी समोर बसून ऐकायचो. चहासुद्धा प्यायचो.

शेवटच्या दुखण्यात त्याने माझा हात धरला. "लई त्रास दिलो तुला नेपाळात. माफ कर बाबा." मी काय म्हणालो असेन? "जाऊ दे रे," म्हणालो. काही दिवसांत तो गेला.

दिगू, तू काहीच विसरला नव्हतास. मीच तुला म्हणालो होतो, इथून हलू नकोस.